आधी कंबर, मग खांदे

कयाक शिकवणाऱ्या माणसाचा दिवसातला सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? पाहुण्यांना वाटतं, पॅडल धरायला शिकवण्यात. पॅडल पाच-दहा मिनिटांत जमतं. वेळ जातो तो लाइफ जॅकेटचे बेल्ट आवळण्यात, आवळलेले बेल्ट पाहुण्यांनी गुपचूप सैल केले की पुन्हा आवळण्यात, आणि ‘दादा, फोटोपुरतं काढू का?’ या प्रश्नाला न चिडता ‘नको’ म्हणण्यात. मालवण तालुक्यातल्या देवबागच्या किनाऱ्यावर बरीच वर्षं हे काम केलेला एक प्रशिक्षक आपला धंदा सांगताना म्हणतो, ‘मी बेल्ट आवळतो. मधल्या वेळात कयाक चालवतो.’

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. सकाळी खाडीचं पाणी निवांत असतं, नवशिक्यालाही कयाक सरळ नेता येते. दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटतो. त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल तर पाणी एकीकडे ओढतं, वारा दुसरीकडे ढकलतो आणि संगमापाशी आखूड, उभ्या लाटा उठायला लागतात. किनाऱ्यावर वडा खात बसलेल्याला त्यातलं काही कळत नाही. भाड्याच्या कयाक बहुतेक ‘सिट-ऑन-टॉप’ जातीच्या, म्हणजे आत न शिरता वर बसायच्या. त्या उलटल्या तर माणूस आत अडकत नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण माणूस पाण्यात पडतो, हे नक्की.

या प्रशिक्षकाचं लहानपण रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोरावर गेलं. घरातल्या पुरुषांना पोहायला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं आणि होडीवर जॅकेट घालायची पद्धतही नव्हती. तारकर्ली-देवबागचं पर्यटन वाढलं, स्कूबा आलं, बनाना राइड आली, मागोमाग कयाक आल्या. तो कामाला लागला तेव्हा जॅकेटं खोपीत दोरीवर टांगलेली असत. सगळी केशरी, सगळी एकाच मापाची, छातीवर आणि पाठीवर फोमच्या जाड पाट्या. येणारा माणूस चाळीस किलोंचा असो की शंभर, त्याला दोरीवरचं पहिलं जॅकेट मिळायचं. जॅकेट अंगावर आहे ना, एवढाच हिशेब होता. पोलीस आले की तेवढंच बघायचे, पाहुण्यांच्या आईलाही तेवढंच पुरायचं.

त्याचा हिशेब बदलला तो कमरेएवढ्या पाण्यात.

एका थंडीत पुण्याहून आलेलं एक कुटुंब खाडीत फिरत होतं. घरच्या कर्त्या गृहस्थांनी उत्साहाने कयाक वळवली आणि उलटवली. पाणी इतकं उथळ की उभं राहिलं तरी भागलं असतं. पण गृहस्थ पाण्यात गेले आणि जॅकेट वर आलं. कानांपर्यंत चढलं, हनुवटी फोमच्या दोन पाट्यांमध्ये रुतली, समोरचं काही दिसेना. घाबरून त्यांनी दोन्ही हात वर फेकले, तसं जॅकेट आणखी सुटलं. पाय टेकवायचं सुचण्याची ती वेळच नव्हती. प्रशिक्षकाने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. दम परत आल्यावर गृहस्थ म्हणाले, ‘अहो, जॅकेट घातलं होतं तरी मी बुडत होतो.’

ही तक्रार त्याच्या डोक्यातून गेली नाही. जॅकेटचा फोम चांगला होता. जॅकेट उत्तम तरंगत होतं, फक्त त्या गृहस्थांना सोबत न घेता. मग कळलं की कयाकमध्ये बसल्यावर त्यांनी कमरेचा बेल्ट सैल केला होता, कारण पोटाला टोचत होता. टोचत का होता? कारण ते जॅकेट उभं राहणाऱ्या माणसासाठी, बोटीतल्या प्रवाशासाठी शिवलेलं. कयाकमध्ये माणूस पाय लांब करून, पाठ टेकून बसतो. लांब जॅकेटची खालची कड मांडीला अडते, मागची पाटी सीटच्या पाठीला अडते आणि सगळं जॅकेट हनुवटीकडे ढकललं जातं. अवघडलेला माणूस बेल्ट सोडणारच. पाहुण्याला दटावून काही होणार नव्हतं, जॅकेटच बदलायला हवं होतं.

पुढच्या पावसाळ्याआधी तो काही दिवस कोलाडला गेला. कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर. सकाळी पाणी येतं, तास-दोन तास नदी खळाळते, मग पुन्हा उतरते. राफ्टच्या पुढे-मागे कयाक घेऊन बचावाला असणाऱ्या मुलांमध्ये त्याला जागा मिळाली. खाडीतल्या माणसाला वाहत्या पाण्याचा तो पहिला धडा. तिथल्या वरिष्ठ प्रशिक्षकाने पहिल्याच सकाळी त्याला जॅकेट घालायला लावलं, समोर उभं केलं आणि काही न बोलता दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून वर खेचल्या. जॅकेट नाकापर्यंत आलं. वरिष्ठ म्हणाले, ‘हे तुझं जॅकेट नाही. हे माझ्या हातातलं जॅकेट आहे.’

घालण्याची रीत तो तिथे नव्याने शिकला. आधी सगळे बेल्ट पूर्ण सैल करायचे. मग जॅकेट घालायचं, चेन वरपर्यंत ओढायची, बकलं लावायची. त्यानंतर आवळायला सुरुवात कमरेपासून. नऊवारी नेसताना आधी कंबरेची गाठ पक्की होते, मग बाकीचा पसारा, तसंच. सर्वांत खालचा बेल्ट फासळ्यांच्या खाली घट्ट बसला की जॅकेटला वर सरकायला वाटच राहत नाही. मग कुशीचे बेल्ट आणि सगळ्यांत शेवटी खांद्यांचे. बहुतेक लोक उलटं करतात. आधी खांदे आवळतात, त्यामुळे जॅकेट मुळातच वर ओढलं जातं आणि कंबर मोकळी राहते. नंतर खाली बसून मोठा श्वास घ्यायचा, पॅडल मारल्यासारखे हात फिरवायचे. श्वास अडत असेल तर थोडं सैल, काखेत घासत असेल तर जॅकेट बदलायचं. आणि शेवटी दुसऱ्या कुणीतरी खांद्यांवरून खेचून बघायचं. हनुवटीच्या वर आलं तर पुन्हा पहिल्यापासून.

कोलाडहून परतल्यावर त्याच्या सामानात एका वस्तूची भर पडली, शिंप्याची टेप. मोठ्या माणसाचं जॅकेट छातीच्या घेरावरून निवडतात, वजनावरून नाही, हे सांगितलं की पाहुणे हमखास हुज्जत घालतात. पोट सुटलेले काका म्हणतात, ‘मला सगळ्यात मोठं द्या, मी जड आहे.’ शेजारी जिममध्ये कमावलेल्या अंगाचा त्यांचा भाचा म्हणतो, ‘मला कुठलंही चालेल.’ पाण्यात गणित वेगळं असतं. चरबी पाण्याहून हलकी, स्नायू आणि हाडं जड. काका जॅकेटशिवायही बऱ्यापैकी तरंगतील, भाचा मात्र सरळ खाली जायला बघेल. बहुतेक प्रौढांना डोकं पाण्यावर ठेवायला साधारण तीन ते साडेपाच किलोंचा वरचा आधार पुरतो. शंभर किलोंच्या माणसाला शंभर किलो उचलणारं जॅकेट लागत नाही, कारण त्याचं बहुतेक वजन पाण्यानेच तोललेलं असतं.

हा आधार न्यूटनमध्ये मोजतात. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो. आंतरराष्ट्रीय मानकांत ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन अशा पायऱ्या आहेत. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, किनारा आणि मदत जवळ असताना वापरायचं. १०० न्यूटनचं आडोशाच्या पाण्यासाठी, १५० चं उघड्या समुद्रासाठी आणि २७५ चं जड कपडे आणि अवजारं अंगावर घेऊन खोल समुद्रात काम करणाऱ्यांसाठी. अमेरिकी पद्धतीची कयाकची जॅकेटं साधारण ७० न्यूटनची असतात. जहाजांवरच्या जॅकेटची अट आणखी कडक. बेशुद्ध माणसाला त्यांनी झटपट उताणं करायला हवं आणि त्याचं तोंड पाण्याच्या वर धरायला हवं. कयाकचं जॅकेट असलं कोणतंही वचन देत नाही. त्यातला माणूस शुद्धीवर असेल, हातपाय हलवत असेल, असं गृहीत धरून ते बनवलेलं असतं.

मग जास्त ताकदीचंच का घेऊ नये? मालकाशी त्याचा यावरूनच वाद झाला. नवी जॅकेटं घ्यायची ठरली तेव्हा मालकाचं म्हणणं होतं, पैसे घालायचेच तर जहाजावरची घालू. ऐकायला बरोबर वाटतं. पण ते जॅकेट छातीवर इतकं फुगीर असतं की पॅडल नीट फिरत नाही. उलटलेल्या कयाकवर परत चढायचं तर पोटावर सरपटत यावं लागतं आणि छातीवरची जाडी तिथे आडवी येते. त्यात ऑक्टोबरचा उकाडा. अर्ध्या तासात माणूस ते काढून पायाशी ठेवतो. पायाशी ठेवलेल्या १५० न्यूटनपेक्षा अंगावरचे ७० न्यूटन केव्हाही बरे, असं त्याचं ठाम मत झालं आणि अजून तेच आहे. त्याची किंमतही त्याला ठाऊक आहे. कमी ताकदीचं जॅकेट घेतलं की नवशिक्याला एकटं सोडता येत नाही. संगमाकडे न्यायचं तर एक जाणता कयाकवाला सोबत हवाच, आणि तो हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर हवा. मालकाने जॅकेटं मान्य केली, सोबतीचा माणूस मान्य करायला मात्र अजून एक हंगाम घेतला.

कयाकसाठी शिवलेलं जॅकेट पाहिल्याबरोबर ओळखू येतं. ते आखूड असतं, फासळ्यांपाशी संपतं. काखेची भोकं मोठी असतात. पाठीवरचा फोम वरच्या बाजूला, खाली नुसती जाळी, म्हणजे उंच पाठीच्या सीटला टेकलं तरी जॅकेट जागचं हलत नाही. छातीवरचा फोम एका सलग पाटीऐवजी लहान तुकड्यांत विभागलेला असतो, त्यामुळे तो अंगाबरोबर वाकतो. आतल्या बाजूला माप, ताकद आणि मानकाचा क्रमांक छापलेलं लेबल असायलाच हवं. बाजारात काही शे रुपयांत मिळणाऱ्या जॅकेटवर ‘वॉटर स्पोर्ट्स’ असं ठळक छापलेलं असतं, आत लेबल शोधावं तर धुण्याच्या सूचनाही नसतात. त्याची खरेदीची पहिली चाळणी हीच आहे: आधी आतलं लेबल वाचायचं, बाहेरचं नाव नंतर. रंग भगवा, पिवळा किंवा पोपटी. निळं आणि राखाडी जॅकेट फोटोत देखणं दिसतं. पाण्यात ते दिसतच नाही, आणि शोधायची वेळ आली तर दिसणं एवढंच काम उरतं.

शिट्टीची गोष्ट छोटी, पण तिच्यावरून त्याने बरंच बोलणं खाल्लं आहे. प्रत्येक जॅकेटला आखूड दोरीने शिट्टी बांधलेली असते. मुलं ती सारखी वाजवतात, आयाबाप वैतागतात, ‘काढून टाका ना ती’ म्हणतात. त्याने काढली नाही. निघायच्या आधी एकदा सगळ्यांना पोटभर वाजवू देतो आणि सांगतो, आता यापुढे वाजली तर मी येणार. तीन वेळा वाजली तर सगळं टाकून येणार.

तरंगायला काहीतरी अंगाला बांधायचं ही कल्पना कोकणाला किंवा महाराष्ट्राला नवी नाही. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला सुका भोपळा किंवा बंद डबा बांधून ढकलून देणं पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. इंग्लंडमध्ये १८५४ मध्ये जीवरक्षक नौकांच्या खलाशांसाठी बुचाच्या तुकड्यांचं जॅकेट तयार झालं. ते घालायला खलाशी सहजी राजी नव्हते. १८६१ च्या फेब्रुवारीत व्हिटबी बंदरात वादळात एकामागून एक जहाजं वाचवायला गेलेली नौका शेवटी उलटली. १३ खलाशांपैकी १२ गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, नव्या पद्धतीचं बुचाचं जॅकेट घातलेला एकटा. पुढे बुचाची जागा सावरीच्या कापसाने घेतली आणि त्यानंतर फोम आला. घालायला राजी नसणं मात्र तसंच राहिलं, असं आमच्या प्रशिक्षकाला वाटतं. त्याच्या समोर रोज तेच खलाशी येतात, फक्त बर्म्युडा घालून.

त्यात सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे ज्याला पोहता येतं तो. शहरातल्या तलावात रोज पन्नास फेऱ्या मारणारा माणूस जॅकेट हातात घेऊन ‘मला गरज नाही’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. गावातला म्हाताराही ‘माका पोवाक येता, ह्या कित्याक?’ म्हणतो, तोही खरंच बोलत असतो. प्रशिक्षक त्यांच्याशी पोहण्यावर वाद घालत नाही. तो विचारतो, पॅडलचं टोक कपाळाला लागलं तर? पोटरीत गोळा आला तर? वाऱ्याने कयाक तुमच्यापेक्षा जोरात पळाली तर? यातला तिसरा प्रश्न बहुतेकांना पटतो, कारण रिकामी कयाक वाऱ्यावर किती झपाट्याने जाते हे तो समोर सोडून दाखवतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत बोटींच्या अपघातांत बुडालेल्यांपैकी दहांतल्या आठांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नसल्याची नोंद वर्षानुवर्षं आढळते. हा आकडा तो सांगत नाही. आकड्याने कुणी जॅकेट घातल्याचं त्याने पाहिलेलं नाही.

आपल्याकडच्या बातम्या मात्र काम करतात. २१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कळाशी-कुगाव मार्गावरची बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर प्रवाशांना जॅकेट घालणं सक्तीचं झालं. त्या सुट्टीत देवबागला आलेले पाहुणे स्वतःहून जॅकेट मागत होते, बेल्ट दाखवून ‘नीट आहे का?’ विचारत होते. उन्हाळ्यापर्यंत गाडी पुन्हा ‘फोटोपुरतं काढू का’वर आली.

बोटीत सीटखाली ठेवलेलं जॅकेट वेळ आली की घालू, या समजुतीवर त्याच्याकडे एक उपाय आहे. नव्या मदतनीस पोरांना तो गळ्याएवढ्या पाण्यात उभं करतो, जॅकेट समोर टाकतो आणि पाय न टेकता घालून दाखवा म्हणतो. सगळी चांगली पोहणारी पोरं. जॅकेट हातातून निसटतं, एक हात घातला की दुसरीकडची बाजू पाण्याखाली फिरते, चेनची दोन टोकं जुळत नाहीत. एखादा घालतो, तर उलटं. खळखळून हसणं होतं. पण त्यानंतर ती पोरं पाहुण्यांचे बेल्ट वेगळ्या हाताने तपासतात.

बायकांच्या बाबतीत त्याला बरंच उशिरा सुचलं, आणि तेही एका मदतनीस मुलीमुळे. ती कामाला आली तोपर्यंत बायकांची मापं अंदाजाने चालत होती. पुरुषाने टेप लावणं शक्य नव्हतं आणि विचारायचा संकोच. सपाट पाटीचं जॅकेट छातीवर नीट टेकत नाही, मधे पोकळी राहते, मग ते पाण्यात वर चढतं. बायका दुखतं म्हणून सैल करतात, बोलत मात्र नाहीत. त्या मुलीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की छातीच्या दोन बाजूंना फोम विभागलेली जॅकेटं वेगळी ठेवा आणि मापं मी घेते. तेव्हापासून खोपीच्या मागच्या बाजूला एक पडदा लावलेला आहे. मंगळसूत्र जॅकेटच्या आत जातं, चेनमध्ये अडकत नाही. ओढणी किनाऱ्यावर राहते. साडीचं काय, हा नाजूक प्रश्न. ओल्या निऱ्या पायात गुंडाळल्या की पाय मारता येत नाहीत, आणि कयाकवर परत चढायला तर पायच लागतात. म्हणून धुतलेल्या ट्रॅक पँटची एक पेटी ठेवलेली आहे. एकदा सत्तरीच्या एका आजींनी आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली, नातीने व्हिडिओ काढला आणि आजींनी अख्खी खाडी हट्टाने स्वतः वल्हवली.

मुलांच्या बाबतीत त्याने सर्वांत जास्त गिऱ्हाइकं गमावली. मुलांचं जॅकेट वजनावरून निवडतात. साधारण १४ ते २३ किलो हा एक गट, २३ ते ४१ हा पुढचा. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची रीत आहे, दोन वर्षं चालले पाहिजेत. सदऱ्याच्या बाबतीत ते शहाणपणाचं आहे. जॅकेट वाढत्या अंगाचं घेतलं तर मूल त्यातून खाली घसरतं. म्हणून मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, आणि तो ‘टोचतो’ म्हणून मोकळा सोडायचा नसतो. खांद्यांना धरून मूल थोडं उचलून बघितलं, हनुवटी आणि कान जॅकेटच्या बाहेर राहिले, तर ठीक. नाहीतर मूल किनाऱ्यावर वाळूत खेळतं. ‘माझ्या मांडीवर बसेल की’ म्हणणारे वडील रागावून शेजारच्या खोपीत जातात आणि तिथे बसवून घेतात. त्याला ते दिसतं. तो जाऊन दोघांनाही सांगतो, त्यामुळे शेजाऱ्याशी त्याचं फारसं बरं नाही. दंडात घालायचे फुगे घेऊन आलेल्या मुलांचे फुगे तो ताब्यात घेतो आणि परत जाताना देतो.

अलीकडे शहरातून येणारे काही हौशी कयाकवाले कमरेला बांधायचा छोटा पट्टा आणतात. आत घडी घातलेली पिशवी आणि कार्बन डायऑक्साइडची नळकांडी. दोरी ओढली की पिशवी फुगते, मग ती डोक्यातून घालायची. उकाड्यात फारच सोयीचा. वस्तू चांगली आहे, वापरणारा जाणता असला तर. पण नळकांडी एकदाच चालते. ती नीट बसवलेली आहे का, गंजली आहे का, हे पाहायचं काम मालकाचं, आणि डोक्याला मार बसलेला माणूस दोरी ओढू शकत नाही. पाणी लागताच आपोआप फुगणारे प्रकारही असतात, पण सिट-ऑन-टॉप कयाकमध्ये माणूस पहिल्या पाच मिनिटांतच ओला होतो, तेव्हा ते नको तिथे फुगून बसतात. नवशिक्यांना आणि मुलांना तो असे पट्टे घेऊन पाण्यात सोडत नाही. जाणत्याला सोडतो, नळकांडी उघडून पाहिल्यावर.

उकाड्यावर त्याचा उपाय साधा आहे. घालायच्या आधी जॅकेट पाण्यात बुडवून काढायचं. पहिल्या क्षणी पाहुणा ओरडतो, मग बराच वेळ अंग गार राहतं आणि कुणी काढायचं नाव घेत नाही.

मे संपत आला की जलक्रीडा बंद होतात, त्या ऑगस्टअखेरपर्यंत. कयाक उलट्या घालून झाकायच्या आणि जॅकेटांची झाडाझडती घ्यायची. हंगामभर रोज गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवलेलं जॅकेट आणि उन्हात टाकलेलं जॅकेट यांतला फरक या दिवसांत दिसतो. उन्हाने कापड विटतं, मग नखाने ओढलं तरी उसवतं. बकलात वाळू बसते आणि दात झिजतात. सगळ्यांत वाईट हाल होतात उशी म्हणून वापरलेल्या जॅकेटांचे. त्यांवर बसून बसून फोम कायमचा दबतो. वरून जॅकेट नवं दिसतं, आत तरंगण्याची ताकद गेलेली असते.

ती मोजायला तो मासळीवाल्या वहिनींची लोखंडी वजनं उसनी आणतो. लोखंड पाण्यात आपल्या वजनाचा साधारण आठवा भाग गमावतं, म्हणजे आठ किलोंची वजनं पाण्यात सातच किलोंनी खाली ओढतात. ७० न्यूटनच्या जॅकेटकडून त्याहून जास्त मागितलेलं नाही. पाच, दोन आणि एक अशी वजनं पिशवीत घालून जॅकेटला बांधायची आणि विहिरीत सोडायची. खारं पाणी जरा जास्त उचलतं, म्हणून ही परीक्षा गोड्या पाण्यातच. जॅकेट रात्रभर पाण्यात ठेवतात आणि सकाळी बघतात. वर राहिलं ते पुढच्या हंगामाला, खाली गेलं ते बाद. काही जॅकेटं संध्याकाळी पास होतात आणि सकाळी तळाशी सापडतात.

बाद जॅकेट नुसतं टाकून भागत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत त्याने टाकलेली जॅकेटं कुणीतरी धुऊन, शिवून दुसऱ्या होडीवर वापरताना त्याला दिसली, तेव्हापासून तो सगळे बेल्ट कोयत्याने मुळापासून कापतो आणि चेन उपटतो. कापलेली बकलं डब्यात जातात, हंगामात सुटं बकल कधी लागेल सांगता येत नाही. फोमचे तुकडे शेजारचा रापणकार घेऊन जातो, त्याला जाळ्याच्या वरच्या दोराला बांधायला ते चालतात. वजनं घासून, पुसून वहिनींना परत. त्या दर वर्षी तराजूवर ती पुन्हा तोलून घेतात, आणि मग पुढच्या वर्षी भाडं लावणार म्हणून बजावतात.